असेलच असं नाही

त्या सोमवारी माझी मशीन थांबेना.

भाईंदर पश्चिमेला आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर माझं फॉल-पिकोचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक गाळा, त्यात एक मशीन आणि एक स्टूल. मशीन मोटरवर चालते, खाली पायाने पॅडल दाबायचं. पाय उचलला की मशीन थांबते. त्या दिवशी मी पाय उचलला आणि मशीन चालूच राहिली. एका गुजराती बेनच्या साडीचा पिको काठ सोडून सरळ पदरात शिरला. मी मोटर बिघडली असं समजून मेकॅनिकला बोलावलं. त्याने मशीन उघडली, बंद केली, म्हणाला, "मशीन तो एकदम ओके है, भाभी." मग मी वाकून पाहिलं. माझा पाय पॅडलवरच होता. मी तो उचललाय अशी फक्त माझी समजूत होती.

संध्याकाळी भाजी घेऊन परत येताना मागून कांदेवाला ओरडला, "भाभी, चप्पल!" माझी एक चप्पल त्याच्या गाडीपाशीच राहिली होती. मी पुढे मटारवाल्यापर्यंत एका पायाने अनवाणी गेले होते आणि मला पत्ता नव्हता. दोन्ही पावलांना जाड मोजे घातल्यासारखं वाटत होतं.

"बी-ट्वेल्व्ह कमी झालं असेल," माझे मिस्टर म्हणाले. आमच्या घरात सगळ्या दुखण्यांचा पहिला संशय बी-ट्वेल्व्हवर जातो. गोळ्या आणल्या, त्या घेतल्या. बुधवारी दुकान बंद करून वर येताना पहिल्या मजल्यावरच गुडघे मिटले. पडले असं म्हणता येणार नाही. मी बसले, आणि मग उठता येईना. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. मिस्टर आणि वॉचमन दोघांनी मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून परत खाली नेलं. सगळे मजले कठड्याशी जमले होते. तिसऱ्या मजल्यावर माझी धाकटी जाऊ उभी होती. तिने बघितलं, मीही बघितलं. बोललो नाही, कारण आम्ही चार वर्षं बोलत नव्हतो.

त्याचं कारण सांगते. दोघा भावांनी एकाच बिल्डिंगमध्ये घरं घेतली, आमचं दुसऱ्या मजल्यावर, त्यांचं बरोबर आमच्या डोक्यावर. तिचे न पिळलेले कपडे आमच्या गॅलरीत टांगलेल्या माझ्या गिऱ्हाइकांच्या साड्यांवर ठिबकायचे. मी एकदा वर जाऊन सांगितलं. ती म्हणाली, पाणी खालीच जाणार. इतकंच. पुढे भाऊ भावाशी बोलत राहिले, मुलं मुलांशी बोलत राहिली, डब्यांतून आंबोळ्या-उसळी वरखाली होत राहिल्या. फक्त आम्ही दोघी बोलत नव्हतो.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय हलला नाही. परत मारली. पाय ढिम्म. त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि मीरा रोडच्या एका हॉस्पिटलसाठी चिठ्ठी लिहिली. ते एरवी फार बोलतात. त्या दिवशी बोलले नाहीत, त्यावरून मला कळलं की प्रकरण बी-ट्वेल्व्हच्या पुढे गेलंय.

हॉस्पिटलातली नसांची डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची होती. तिने विचारलं, गेल्या महिन्यात ताप, जुलाब काही झालं होतं का? झालं होतं. मुर्ध्याला एका हळदीला जेवलो होतो, त्यानंतर तीन दिवस पोट बिघडलं होतं. हळदीची जेवणं पोटाला बाधतातच म्हणून ते मी विसरूनही गेले होते.

"जीबीएस असू शकतं," ती म्हणाली. "असेलच असं नाही."

हे नाव आम्ही टीव्हीवर पुण्याच्या बातम्यांत ऐकलं होतं. ते पुण्याचं आहे असा आमचा समज होता.

तिने नीट समजावलं. जंतूंशी लढायला निघालेली शरीराची फौज कधी कधी चुकून आपल्याच नसांवर तुटून पडते. अशक्तपणा पायांतून वर चढतो. कुठेतरी थांबतो आणि मग उतरतो. बहुतेक लोक बरे होतात. फक्त तो छातीपर्यंत चढला तर श्वासाचा प्रश्न येतो, म्हणून ॲडमिट व्हायचं.

"मग आता करायचं काय?" मिस्टरांनी विचारलं.

"तपासण्या करू. आणि लक्ष ठेवू."

मिस्टरांना हे औषध पटलं नाही, पण दुसरं नव्हतं.

पाठीच्या कण्यातून पाणी काढलं. रिपोर्ट नॉर्मल आला. आम्ही खूश झालो, तर डॉक्टर म्हणाली, सुरुवातीच्या दिवसांत तो नॉर्मलच येतो. मग हातापायांना बारीक शॉक देऊन नसांची तपासणी केली. त्यात थोडं काहीतरी आलं, पण पुरेसं आलं नाही. माझ्या फाइलवर जीबीएस लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं. हालत आणखी बिघडली तर इंजेक्शनं चालू करायची, नाहीतर थांबायचं, असं ठरलं.

बायकांच्या वॉर्डात सोबतीला बाईच लागते. माझी मुलगी बंगळुरूला, तिचे दिवस भरत आलेले, म्हणून तिला आम्ही खरं सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी जाऊ पिशवी घेऊन आली. पिशवीत टॉवेल, चादर, पेजेचा डबा. माझ्याकडे न बघता ती सिस्टरला म्हणाली, "सिस्टर, इनको बोलो, पेज गरम है, अभी पी लो."

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. मी हातभर अंतरावर होते.

"उनको बोलो, बाद में पीती है," मी म्हणाले.

सिस्टर केरळची होती, तिला हिंदी बेताचंच येत होतं, आणि तिला दहा पेशंट होते. दुपारपर्यंत तिने आमचं टपाल पोचवलं. मग बंद केलं.

श्वासाची ताकद पाहायला एक साधी परीक्षा होती. खोल श्वास घ्यायचा आणि त्या एका श्वासात जितके आकडे मोठ्याने मोजता येतील तितके मोजायचे. आकडे कमी व्हायला लागले तर ताबडतोब कळवा, असं डॉक्टरने जाऊला बजावलं. ते काम तिने फार मनावर घेतलं. पण मला मोजायला सांगायचं म्हणजे बोलावं लागणार होतं. ती बराच वेळ पलंगाशी उभी राहिली. सिस्टर दुसऱ्या टोकाला सलाइन लावत होती.

"मोजा," जाऊ म्हणाली.

चार वर्षांनंतरचा तो पहिला शब्द. मी मोजलं. तीसच्या पुढे गेले.

"घाई करताय तुम्ही. परत मोजा."

त्यानंतर ती दर थोड्या वेळाने मोजायला लावू लागली. शेजारच्या पलंगावर उत्तनची एक कोळीण होती, मधुमेहाने पाय बधिर झालेली. तीही माझ्याबरोबर मोजायची. "माझं जास्त हाय," म्हणायची. तिचं नेहमीच जास्त असायचं. आयुष्यभर बंदरावर ओरडून मासळी विकलेली छाती ती.

शनिवारी दुपारी माझे हात जड झाले. कंगवा केसांपर्यंत पोचेना. जाऊने मोजायला सांगितलं, तर पंचवीसच्या आतच दम संपला. तिने परत सांगितलं. आणखी कमी. ती सिस्टरकडे गेली. चालतच गेली, पण पदर कमरेला खोचून. डॉक्टर आली, तपासून म्हणाली, संध्याकाळपर्यंत बघू, आयसीयूत एक पलंग सांगून ठेवते.

ती गेल्यावर मी जाऊला विचारलं, "मला मशीनवर ठेवतील का गं?"

"ठेवली तर ठेवली," ती म्हणाली. "तुम्हाला मशीनवर बसायची सवय आहे."

मला हसू आलं. हसताना दम लागला, म्हणून मग भीती वाटली, आणि मग मी रडले. ती मला उगी म्हणाली नाही. उशाशी बसून तिने माझे केस सोडले, विंचरले आणि शाळेतल्या मुलीसारख्या दोन घट्ट वेण्या घातल्या. झोपल्यावर एक वेणी टोचते, म्हणून दोन, असं कारणही सांगितलं. मला वेण्या घालून तीस वर्षं झाली असतील. त्याच अवतारात मिस्टर मला भेटायला आले आणि दाराशी क्षणभर थबकले. आपण चुकीच्या वॉर्डात आलो असं त्यांना वाटलं असावं.

संध्याकाळी आकडा तेवढाच राहिला. रविवारीही तेवढाच. सोमवारी दोनाने वाढला. जाऊने तो डॉक्टरला असा सांगितला, जणू तिनेच मोजला होता.

"बहुतेक जीबीएसच, पण सौम्य," डॉक्टर म्हणाली.

"बहुतेक?"

"बहुतेक."

इंजेक्शनं लागली नाहीत. त्या आठवड्याच्या शेवटी मी घरी आले, त्याच प्लास्टिकच्या खुर्चीतून. या वेळी जाऊ पुढे चालत "बाजू व्हा, बाजू व्हा" करत होती. त्याची गरज नव्हती, जिना रिकामा होता.

पुढचे तीन महिने कंटाळवाणे गेले. बरं होणं इतकं कंटाळवाणं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. भिंतीला धरून चालायचं, बोटांनी चेंडू दाबायचा, टाचा उचलायच्या. मुलीला मुलगा झाला. तो माझ्या आधी उभा राहतो की काय अशी मला काळजी होती. सुरुवातीला माझ्या अंघोळीला, केसांना जाऊच खाली यायची. आता आम्ही भरपूर बोलायचो, म्हणजे भांडायचो. तिला वाटायचं मी व्यायाम चुकवते. मला वाटायचं ती माझ्या स्वयंपाकघरातले डबे मुद्दाम भलतीकडे ठेवते. दोघींचंही खरं होतं.

दिवाळीनंतर दुकान उघडलं. शेवटच्या तपासणीला मी डॉक्टरला विचारलं, "हे परत होऊ शकतं का?"

"शक्यता फार कमी आहे."

"म्हणजे आहे," मी म्हणाले. ती हसली, पण नाही म्हणाली नाही. फाइलवरचं प्रश्नचिन्ह खोडायचं का, असंही मी विचारणार होते. मग म्हटलं, असू दे.

मागच्या महिन्यात दिरांकडे, म्हणजे आमच्या डोक्यावर, सत्यनारायण होता. आता मला मांडी घालून बसता येतं. कथा लांबली आणि तिसऱ्या अध्यायात माझ्या डाव्या पायाला मुंग्या आल्या. मी पाय मोकळा केला, अंगठा हलवला, गुरुजींकडे बघत वाट पाहिली. मुंग्या गेल्या. साध्याच होत्या. तेवढ्यात पूजेला बसलेली जाऊ मागे वळून हळूच म्हणाली, "वहिनी, माझ्या पायाला मुंग्या आल्यात."

"बसून आल्या असतील," मी म्हणाले. "उठू नकोस एकदम."

आरतीला ती उठली, नवऱ्याच्या खांद्याला धरून जरा लंगडली, मग नीट उभी राहिली. प्रसाद वाटायला ती घरभर फिरली. मी शेवटच्या माणसाला प्रसाद मिळेपर्यंत तिच्या पावलांकडे बघत होते.