मुरोईच्या चिठ्ठ्या

पेंग शुई-मू मिस्त्रींना आयुष्यात कधी काही टाकून देववलं नाही. एक तर हक्का घराण्यात जन्म, म्हणजे वापरलेल्या दोऱ्याची गाठ सोडवून तो पुन्हा गुंडाळून ठेवणारी जात; त्यात छत्तीस वर्षं हवाईदलात लढाऊ विमानांची दुरुस्ती. घरातल्या बिस्किटांच्या डब्यांत बिस्किटं सोडून सगळं सापडे. बायको युए-मेई म्हणायची, हे सगळे डबे उलटे केले तर एक आख्खं विमान उभं राहील, फक्त उडणार नाही. मिस्त्री म्हणायचे, तळावरची तरी कुठं उडतात?

तैवानच्या पश्चिम किनाऱ्यावरचा तो तळ वाऱ्याचा होता आणि विमानं पंचवीस वर्षांची. नवी घ्यायला सरकारकडे पैसे नव्हते असं नाही, विकणारा नव्हता. कुठल्याही देशाकडे नवं विमान मागायला जावं, तर तो आधी सामुद्रधुनीपलीकडच्या थोरल्या शेजाऱ्याकडे चोरून बघणार, मग घसा खाकरणार आणि शेवटी चहा पाजून वाटेला लावणार. जुनं मागितलं की मात्र सगळे मोकळे होत. भंगाराला कोण हरकत घेतो? म्हणून दुसऱ्यांनी निवृत्त केलेली विमानं पेट्यांत भरून यायची. तीन उघडायची, त्यांच्यातून एक उडवायचं. वर्तमानपत्रात छापून येई, हवाईदलाचं बळ वाढलं. मिस्त्री म्हणत, चार म्हाताऱ्यांचे दात गोळा करून एकाला जेवायला बसवलंय.

त्या वर्षी पेट्या जपानहून आल्या. पहिली उघडली तेव्हा इंधनाच्या पंपाला सुतळीने बांधलेली एक चिठ्ठी निघाली. तिच्यावर जपानी बाराखडीत दोन ओळी होत्या. तळावरच्या कुणालाही ती वाचता येईना. मिस्त्रींना आली, कारण त्यांची शाळा जपानी अमलातली आणि तिथल्या मास्तरांच्या छड्या अजून पोटऱ्यांना पाठ होत्या. लिहिलं होतं, ‘हा चांगला आहे. निर्धास्त वापरा. मुरोई.’

दुसऱ्या पंपावरही तेच. तिसऱ्यावर लिहिलं होतं, ‘हा थकला आहे. याला वर पाठवू नका.’ त्याखालच्या पाचही पंपांवर तेच.

मिस्त्रींना गहिवरून आलं. कुठल्या तरी तळावर आपल्यासारखाच एक काळ्या नखांचा माणूस आहे, त्याचं विमान सरकारने विकून टाकलं, तरी तो पुढच्या अनोळखी मिस्त्रीला सावध करतोय. घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, “माझ्या चिठ्ठ्या कधी एवढ्या जपल्या नाहीत.”

“तू कधी पंपाला बांधल्या नाहीस,” मिस्त्री म्हणाले.

दोन चांगले पंप दोन महिन्यांत संपले आणि मग सत्तावीस नंबरच्या विमानाचा पंप बंद पडला. सत्तावीस म्हणजे मिस्त्रींचं स्वतःचं. त्याच्या पोटावर त्यांचं नाव रंगवलेलं होतं आणि ते उडवत होता कॅप्टन लुओ. लुओला मागेपुढे कुणी नव्हतं. दर रविवारी तो मिस्त्रींकडे जेवायला यायचा आणि खारवलेल्या मोहरीच्या पाल्यातलं डुकराचं मटण दोन वाट्या भाताबरोबर उडवायचा. युए-मेई त्याला ‘बिनभाड्याचा पोरगा’ म्हणायची आणि तिसरी वाटी वाढायची.

विमानाला इंजिन एकच. पंप थांबला की विमान संपलं, मग ती नुसती वीट.

मिस्त्री चिठ्ठी घेऊन मेजर फूंकडे गेले. मेजर वाईट माणूस नव्हते. त्यांच्याकडे वीस विमानं होती, त्यांतली नऊ उडत होती, आणि दहा उडतात असं त्यांनी वर कळवलं होतं. त्यांनी पेटीबरोबर आलेला कागद पुढे केला. त्यावर शिक्का होता: सर्व भाग वापरण्यायोग्य.

“शिक्का साहेबाने मारलाय,” मिस्त्री म्हणाले. “चिठ्ठी मिस्त्रीने लिहिलीय.”

“मग तुमच्या मुरोईला सांगा, एक नवा पाठव,” मेजर म्हणाले. “पेंग मिस्त्री, मला कळत नाही असं समजू नका. आकाश रिकामं दिसून चालणार नाही, पलीकडचे मोजायला बसलेत.”

मिस्त्रींनी विमान उडण्याजोगं आहे अशी सही करायचं नाकारलं असतं तर दुसऱ्याने केली असती आणि पंपही त्यानेच बसवला असता, घाईघाईत. म्हणून त्यांनी उरलेल्या सहापैकी त्यातल्या त्यात कमी थकलेला निवडला. दोन दिवस खपून तो उकलला, डब्यांतल्या जपून ठेवलेल्या रबरी कड्या घातल्या, धुतला, बसवला. आयुष्यभराच्या चिकटपणाचं चीज झालं. मग सही केली आणि लुओला सगळं सांगितलं.

लुओने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. “मी नाही गेलो तर कोण जाईल?”

“दुसरा.”

“त्याला काकू जेवायला घालतात का?”

“नाही.”

“मग मीच जातो. निदान माझं पोट तरी भरलेलं असतं.”

मिस्त्रींनी नेहमीप्रमाणे विमानाच्या पोटावर पान्याने दोनदा टकटक केलं. लुओ गेला. चाळीस मिनिटं मिस्त्री धावपट्टीच्या कडेला वाऱ्यात उभे राहिले. सत्तावीस परत आलं, चाकं टेकली, आणि मिस्त्री विमानाकडे धावत सुटले.

मेजरही धावत आले. त्यांनी मिस्त्रींचे खांदे धरून हलवले, लुओची पाठ थोपटली आणि दुपारी हुकूम काढला: थकलेले म्हणून बाजूला ठेवलेले पंप उड्डाणात योग्य ठरले आहेत, उरलेले पाचही लगेच बसवावेत.

मिस्त्रींना वाटलं, पहिला पंप इतका नीट बसवायला नको होता. मग वाटलं, त्यात लुओ होता. आणि रबरी कड्यांचा डबा तर रिकामा झाला होता.

पाच विमानं, पाच पोरं. त्यातल्या एकाचंही नाव युए-मेईला माहीत नव्हतं.

हुकुमाप्रमाणे पंप बसले. शेवटचा बसवण्याआधी मिस्त्रींनी मुरोईची चिठ्ठी सोडली आणि तिच्या मागे लिहिलं, ‘इथेही थकलाच आहे. पेंग.’ मग ती कुणासाठी बांधावी याचा ते विचार करत बसले. जपानकडून भंगार इथे आलं. इथलं भंगार घेणारा मात्र जगात कुणी नव्हता.

तरी टाकून देववली नाही. सुतळी गुंडाळून त्यांनी चिठ्ठीसकट बिस्किटांच्या डब्यात ठेवली. रविवारी युए-मेईने सहा पाहुण्यांचं मटण शिजवायला घेतलं. मिस्त्रींनी लुओखेरीजच्या पाचांची नावं तिला एकेक करून सांगितली.