कुठं जायाचं हाय रं तुला?

असल्या हकिकती मी वाचत नाही, लिहिणे तर दूरच. तीस वर्षे सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. तोलून-मापून पाहिल्याखेरीज काही मान्य करण्याची मला सवय नाही. तरीही एक गोष्ट स्वस्थ बसू देत नाही, म्हणून लिहितो.

कर्जतच्या दवाखान्यात पोशीरचा कोंडू नावाचा शेतकरी होता. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी, ऐनाच्या फांद्या तोडताना तो झाडावरून पडला. पायाचे मोडलेले हाड सांधले, सूज उतरली. पण तो उभा राहीना. मी रोज खाटेच्या पायथ्याशी उभा राहून हुकूम सोडी, "ऊठ. पाऊल टाक."

"रावसाहेब, पाय माजा नाय राह्यला."

"पाय तुझाच आहे. आळस सोड."

तो भिंतीकडे तोंड करी.

गुरुवारी मोठे डॉक्टर तपासणीला यायचे होते. तोवर उभा राहिला नाही, तर कायमचा पांगळा ठरवून त्याला डोलीतून घरी धाडणार होते. मग शेती मेव्हण्याच्या हाती जाणार, हेही उघड होते.

मंगळवारी पहाटे मी औषधांची पेटी घेऊन खालापूरला गेलो. बुधवारी दुपारी परतलो, तो कोंडू ओसरीचा खांब धरून उभा! घामाने निथळत होता. शेजारी त्याची बायको चांगुणा.

"कोणी उठवले तुला?"

"तुमीच की! काल दुपारच्याला खाटंवर बसलात, पाय मांडीवर घेतलात—"

"मी रोग्याच्या खाटेवर बसत नाही."

"काल बसलात," चांगुणा म्हणाली. "आमच्याच बोलीत म्हनलात, ‘कुठं जायाचं हाय रं तुला?’ ह्ये एकदम भडकले, ‘माज्या शेतावर! मेवना राब भाजाया निघालाय. वाऱ्याच्या बाजूनं पेटवील येडा! आग वरच्यावर पळंल, माती कच्चीच राहील!’ तुमी हसलात. म्हनलात, ‘मंग जा की रं, दाखव त्याला.’"

"मी... हसलो?"

"आमाला बी नवलच वाटलं."

मला खालापूरला नेऊन आणणाऱ्या गाडीवानाला मी विचारले. खालापूरच्या दवाखान्यातल्या शिपायाला चिठ्ठी लिहून विचारले. मंगळवारी दुपारी मी त्याच्यासमोर पेटी उघडून बसलो होतो, असे त्याचे उत्तर आले. कर्जतला माझ्या जागी कोणीही आले नव्हते.

एक गोष्ट मी त्या नवराबायकोला सांगितली नाही. माझा जन्म शेलूचा, भातशेती करणाऱ्या घरातला. ‘हाय’, ‘नाय’, ‘रं’ ही घरची बोली मी नोकरी लागताच टाकली होती. दवाखान्यात ती माझ्या तोंडून कोणीही कधी ऐकली नव्हती.

गुरुवारी कोंडू डॉक्टरांसमोर बारा पावले चालला. पुढे काठी टेकत घरी गेला आणि राब त्यानेच पेटवला — वाऱ्याच्या उलट बाजूने.

त्यानंतर मी रोग्यांना हुकूम सोडणे थांबवले. खाटेवर बसून विचारू लागलो, "तुला कुठे जायचे आहे?" काही उठले, काही नाही. ‘रं’ मात्र प्रयत्न करूनही माझ्या तोंडून निघाले नाही. त्या मंगळवारी ते कोण बोलले, हे मला आजही ठाऊक नाही.