एकाच काडतुसाची रायफल

काल मुलीने कपाट आवरताना बंदुकीच्या तेलाची बाटली उघडली आणि त्या वासासरशी मला उत्तर मिशिगनच्या जंगलातली एक सकाळ आठवली.

हरणाच्या शिकारीसाठी ह्यांनी एका वेळी एकच काडतूस बसणारी रायफल घेतली होती. अक्रोडाच्या लाकडाचा तिचा दस्ता फार देखणा होता. ह्यांचा ऑफिसातला मित्र म्हणाला होता, "यार, रूपावर भाळू नकोस. चार काडतुसांची साधी रायफल घे." हे नुसते हसले होते.

पहिली गोळी हरणाच्या मागच्या पायाला लागली. ते कोसळलं, धडपडत उठलं. थंडीने बधिर झालेल्या ह्यांच्या बोटांतून दुसरं काडतूस बर्फात पडलं.

"अहो, लवकर!" मी ओरडले. तोवर हरीण झाडीत शिरलं.

रक्ताच्या थेंबांमागे आम्ही दोन तास चाललो. ते कुठे तडफडत असेल, या विचाराने माझा जीव थाऱ्यावर नव्हता. शेवटी ते सापडलं. ह्यांनी त्याचे हाल संपवले आणि मग हे तिथेच बर्फात बसून रडले.

"तुमची ही देखणी रायफल!" मी चिडून म्हणाले.

दुकानात त्या दस्त्यावरून हात फिरवत "हीच घेऊ या" असं मीच म्हटलं होतं. ह्यांनी मला त्याची कधीच आठवण करून दिली नाही.