कोरड्या रस्त्यावरचा तलाव

मामंजी कोरड्या रस्त्यावर मध्येच पँट घोट्याच्या वर उचलायचे. बुजवलेल्या तलावाची हद्द लागली की दोन बोटांनी कापड धरायचे, पलीकडचा काठ आला की सोडायचे. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याबरोबर बाजारात गेले तेव्हा मी लाजून मागे राहिले. "ये सूनबाई, इथं गुडघ्याएवढंच आहे," ते म्हणाले.

तोफांच्या सरकारी कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते. रविवारी गढा या शहराच्या जुन्या भागातल्या म्हाताऱ्यांना विचारत, पावलं मोजत फिरायचे. घरी आल्यावर ट्रेसिंगच्या कागदावर निळ्या शाईने जुने तलाव आणि बावड्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, काढायचे आणि तो कागद आजच्या शहराच्या नकाशावर नेमका बसवायचे. मोजताना कोणी हाक मारली तर वैतागायचे, "चला, आता पुन्हा गढ्यापासून!"

लढाई सुरू झाली आणि हुकूम निघाला की कारखान्यातल्या कोणाच्याही घरी नकाशा सापडता कामा नये. सासूबाईंनी ती गुंडाळी ट्रंकेत साड्यांखाली दडवली. त्याच आठवड्यात आमच्या क्वार्टरांपुढच्या मैदानात विमानहल्ल्यात लपण्यासाठी खंदक खोदायला माणसं आली.

मामंजी अनवाणीच धावले. "भैया, यहाँ मत खोदो. नीचे ढँकी हुई बावड़ी है."

मुकादम हसला. "सपना देखा क्या, बाबूजी?"

ते घरात परतले तेव्हा सासूबाई ट्रंकेवर बसल्या होत्या. "काहून जीवावर उठून राहिले? तुमची नोकरी जाईन, पोराचीही जाईन."

"भोंगा वाजला की वस्तीतली पोरं तिथंच बसवतील. ऊठ."

त्या हलल्या नाहीत. मीही त्यांच्या शेजारीच उभी राहिले. माझा नवरा त्याच कारखान्यात होता. बाहेर कुदळींचा आवाज चालू होता. शेवटी सासूबाई उठल्या आणि त्यांनी स्वतःच कडी काढली.

नकाशा पाहून मुकादमाने खुणेच्या जागी सब्बल, म्हणजे पहार, ठोकली. चार घाव कोरडे गेले. पाचव्याला ती त्याच्या हातून सुटून खाली गेली, आणि जरा वेळाने खोलवर पाण्यात पडल्याचा आवाज आला.

खंदक पलीकडे सरकला. संध्याकाळपर्यंत नकाशा जप्त झाला. चौकशी झाली, नोकरी राहिली, पण मामंजींची बदली गोदामात झाली. निळी शाई दौतीतच वाळली. एकदा मी म्हटलं, "पुन्हा काढा ना." "ज्यांना विचारलं होतं ते म्हातारे आता कुठे आहेत?" एवढंच म्हणून ते चपला घालू लागले.

मामंजींच्या तेराव्यानंतर आम्ही नवरा-बायको बाजारात निघालो. वडिलांच्या त्या सवयीची यांना जन्मभर लाज वाटायची. त्या बुजवलेल्या तलावाच्या हद्दीवर मी नकळत निऱ्या उचलल्या आणि शेजारी पाहिलं. यांनी पँट आधीच वर धरली होती.

पलीकडचा काठ कुठे येतो, हे मात्र दोघांनाही ठाऊक नव्हतं. आम्ही तसेच चालत राहिलो.