माझ्या नावाचं ताट

मुलगी पाहायला मी आयुष्यात चारदा गेलो. तिघींनी मला नापसंत केलं आणि चौथ्या वेळी मी भांडी घासली.

बेलबॉटमचा जमाना. आमचं हिंगणघाटला सरकी-ढेपेचं, म्हणजे गुरांच्या खाद्याचं दुकान. मुलगी सेवाग्रामची, नाव कुसुम. तिचे वडील तिथेच शाळेत गुरुजी. नाताळच्या सुट्टीत त्यांना सवड, म्हणून आई आणि मी एसटीनं निघालो. आधी आश्रमातल्या कुट्या पाहू, मग तिथल्याच रसोड्यात सगळ्यांसोबत जेवू, असा गुरुजींचा निरोप होता. मी फुलाफुलांचा टेरिकॉटचा शर्ट चढवला. (खादीच्या गावात! अक्कल गहाण पडली होती, दुसरं काय.)

आधी कुट्या पाहिल्या. ज्या खोलीतून अख्खा देश हलला, तिथे मातीच्या भिंती, एक चटई आणि एक बुटकं मेज. आमच्या दुकानाचा गल्ला त्याहून थाटाचा. कुसुम पांढऱ्या खादीच्या साडीत हळू आवाजात एकेक गोष्ट सांगत होती. मला गाव आवडलं आणि ती त्याहून जास्त आवडली. देवा, एवढं जमव, असं मी मनातल्या मनात दहादा म्हटलं.

रसोड्यात पंगत जमिनीवर. नाताळ म्हणून गुळाचा शिरा होता. शेजारी परदेशातून आलेला एक उंच गोरा पाहुणा मांडी घालायला धडपडत होता. त्याला मी हसलोसुद्धा. शिरा तीनदा घेतला, आणि जन्माच्या सवयीनं ताटातच हात धुऊन, ढेकर देऊन उठलो. आमच्या घरी पुरुषानं स्वतःचं ताट उचललं तर आई त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहायची.

वळून पाहतो तर सगळे आपापलं ताट घेऊन नळाकडे चाललेले. त्या गोऱ्यानं राखेनं ताट असं लखलखीत केलं की तोंड दिसावं. आणि माझं ताट गुरुजींच्या हातात! भावी सासरा माझं खरकटं काढत होता. माझी पाचावर धारण बसली.

आई कुजबुजली, "काऊन उभा राह्यला? जाय ना!"

मी धावलो, पण ताट घासून झालं होतं. मग भरपाई म्हणून मी दिसेल ते ताट ओढू लागलो. गोऱ्याचं घासलेलं पुन्हा घासलं. तो बिचारा नमस्ते, नमस्ते म्हणत मागे सरला. भिंतीशी आणखी एक ताट दिसलं. झडप घातली, घासलं, पालथं घातलं. परत येतो तर तिथे खांबाच्या आडोशाला कुसुमची आजी हातात घास धरून बसलेली.

"बेटा," ती शांतपणे म्हणाली, "मी अजून जेवून राह्यली व्हती."

माझे बेलबॉटम गुडघ्यापर्यंत भिजलेले, शर्टावरच्या फुलांवर राख. आता चौथा नकार पक्का, म्हणून मी मान खाली घातली. कुसुम उठली, आजीला दुसऱ्या ताटात शिरा वाढला आणि माझ्याजवळ आली.

"आपलं तेवढं घासायचं," ती म्हणाली. "दुसऱ्याचं ओढायचं नाई. इथं एवढंच असते."

ना रागावली, ना हसली. एवढं मोठं मन मी तोवर कुणाचं पाहिलं नव्हतं.

आठ दिवसांनी होकार आला. पुढे तिनं कारण सांगितलं. आधी जे दोघं पाहायला आले, तेही हात धुऊन ताट सोडून उठले होते. चूक कळल्यावर धावत सुटलेला मी एकटाच.

लग्नात सासऱ्यांनी मला घड्याळ दिलं नाही, अंगठी दिली नाही. एक ताट दिलं, काठावर माझं पूर्ण नाव कोरलेलं, म्हणजे कुणाचं घासायचं हा घोळ नको. चाळीस वर्षं मी ते रोज घासतोय. घासून घासून नाव पार झिजून गेलं. परवा मोठ्या अभिमानानं ते बायकोला दाखवलं. तिनं चष्मा लावला, ताट उजेडाकडे धरलं आणि म्हणाली, "नाव गेलं खरं, पण कडेचं खरकटं तसंच हाय."