सिंदीच्या बांधावर क्ष-किरणांचा तास

सिंदी (रेल्वे) स्थानकावर उतरले आणि यादीवर खुणा केल्या: लॅपटॉप, तारा, छापील चित्रं, पाणी. न्यायला विज्ञानशिक्षिका वनिताबाई आल्या होत्या. त्यांच्या शाळेतल्या मुलींच्या शनिवारच्या विज्ञानवर्गासाठी आयांशी बोलायला मी पुण्याहून आले होते. कापूस फुटल्यापासून आया मुलींना वेचणीला नेत होत्या. आज आयांनी संमती दिली नाही, तर वर्ग बंद होणार होता.

बारा वाजता आयांची सभा होती, पण शाळेच्या सभागृहात आम्ही दोघीच. चूक माझी. वेळ मी पुण्यात बसून ठरवली होती. वेचणीच्या दिवसांत दुपारी मोकळं कोण असतं?

"आपणच वावरात (शेतात) जाऊ," वनिताबाई म्हणाल्या.

काळ्या मातीवर कापूस पांढराशुभ्र फुटला होता. बायका बांधावर जेवत होत्या. रुख्माबाईंनी माझ्या हातावर भाकर-ठेचा ठेवला. त्यांची मुलगी याच वर्गातली.

"बाई वावरात आल्या, म्हंजे पोरीचंच काई असन," त्या म्हणाल्या. बाकीच्या हसल्या.

उन्हात लॅपटॉपवर काही दिसेना, म्हणून क्ष-किरण दुर्बिणीनं टिपलेलं छापील चित्र काढलं. हवा क्ष-किरण अडवते, म्हणून ही दुर्बीण पृथ्वीभोवती फिरती ठेवली आहे, असं सांगितलं. दीर्घिकांच्या समूहात मधली जागा रिकामी वाटायची. अशा दुर्बिणींना तिथे वायू दिसला, कोट्यवधी अंश तापलेला.

"एवढा तापला, मंग उडून काऊन नाई जात?" रुख्माबाईंनी विचारलं.

"शास्त्रज्ञांनाही हाच प्रश्न पडला."

त्यांनी शेजारच्या गाठोड्यावर थाप मारली. "कापूस फुगून राह्यला, पन फडकं धरून ठेवते. तिथंबी काईतरी धरत असन."

"बरोबर. पण ते फडकं, म्हणजे कृष्णद्रव्य, कोणालाच दिसलेलं नाही. कशाचं आहे, तेही माहीत नाही."

"एवढे शिकले, अन् माहीत नाई?"

"शोधणारे कमी आहेत," वनिताबाई म्हणाल्या.

रुख्माबाईंनी चित्र पुन्हा हातात घेतलं. "शनिवारी सकाळीच येचून घेऊ. दुपारी पोरगी येईन. पन मलेबी बसू द्या लागन."

"अन् मी?" पलीकडून एकीनं विचारलं.

"तू काऊन मांगं राह्यते? येजो."

बांधावरच सगळ्यांच्या संमतीपत्रांवर सह्या झाल्या.

परतीच्या गाडीत विचार करत होते. हे चित्र मी कितीतरी गावांत दाखवलं आहे. हे किती लांब आहे, असंच सगळे विचारतात. वायू उडून का जात नाही, हे आधी कोणी विचारलं नव्हतं. शनिवारी वनिताबाईंसमोर मुली असतील, आणि उत्तर मागायला त्यांच्या आयाही.