भिंतीवरचं नऊशे अठ्ठ्याहत्तर

पृथ्वी आपल्याला किती जोरानं ओढते, हे आमच्या कॉलेजात भिंतीवर लिहिलेलं होतं. प्रयोगशाळेच्या एका भिंतीवर वरच्या बाजूला दाढीवाल्या, कुरळ्या टोपांच्या गोऱ्या शास्त्रज्ञांच्या तसबिरी, आणि त्यांच्या पायाशी निळ्या ऑइलपेंटनं तो आकडा : ९७८. वर शोध लावणारे, खाली लागलेला शोध. समोर आम्ही, अमरावतीची बी.एस्सी.ची मुलं. आमच्यासाठी त्या लोकांनी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

हा आकडा काढायचा प्रयोग सोपा होता. दोऱ्याला धातूची गोळी टांगायची, तिला हलका झोका द्यायचा, झोक्यांना किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायचं आणि सूत्रात घालायचं. पण आमच्याकडे कुणी असं सरळ जात नसे. आमच्याकडे ‘उलटं यायची’ पद्धत होती. आधी उत्तर घ्यायचं, त्यावरून झोक्यांना किती वेळ लागायला हवा होता ते काढायचं आणि तोच लागला असं लिहायचं. त्यातही तारतम्य असे. ९७८ कोणीच लिहीत नसे, ते फार उघड दिसे. भोळी मुलं ९७७ लिहीत, धीट मुलं ९८० पर्यंत जात. ९७७ वाल्यांना सर प्रामाणिक म्हणायचे.

सर पुण्याचे. शिकवायचे मात्र असे की तासाची घंटा झाली तरी उठावंसं वाटू नये. जड वस्तू हलकीपेक्षा लवकर पडते, असं एका ग्रीक पंडितानं सांगून ठेवलं आणि पुढे शतकानुशतकं शहाण्यासुरत्या माणसांनी ते मानलं, दोन दगड खाली टाकून पाहायचे कष्ट कुणी घेतले नाहीत, हे सांगताना सरांचा आवाज कापायचा. मग इटलीतला तो तरुण यायचा. देवळात झुंबर हलताना पाहून, प्रार्थना सोडून, स्वतःच्या मनगटाची नाडी धरून झोके मोजणारा. “त्यानं ग्रंथाला विचारलं नाही! निसर्गाला विचारलं!” असं म्हणून सर डस्टर टेबलावर आपटायचे आणि खडूच्या धुळीत पुढचं वाक्य बोलायचे, “उद्या प्रॅक्टिकलला उत्तर ९७८ च्या आसपास यायला हवं. नाही आलं तर सही मिळणार नाही.” या दोन वाक्यांमध्ये काही अडचण आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. मलाही वाटलं नसतं, पण माझं घर वेगळं होतं.

बाबा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. छप्पन साली दीक्षा घेऊन आले, घरातले देव उतरवले आणि त्या रिकाम्या कोनाड्यात जणू एक नियमच बसवला : कोणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, पाहून मानायचं. नवा नियम माणूस जरा जास्तच पाळतो. बाबा गवळ्याचं दूध पाहायचे, दवाखान्यातला थर्मामीटर दुसऱ्या थर्मामीटरशी ताडून पाहायचे, आणि रोज जेवताना मीठ पाहायचे. आई वैतागायची. “आमटीत मीठ टाकलं म्हनून सांगून राहिली, तरी याइले चाखल्याशिवाय पटत नाई,” असं ती शेजारणीला सांगायची. तिनं धम्म मनापासून स्वीकारला होता, पण त्याचा आमटीशी संबंध असेल हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

माझी परीक्षा जवळ आली तशी अंजनगावहून आत्या आली. स्थळ घेऊनच. मुलगा ग्रामसेवक, सायकल स्वतःची. मला पुढे एम.एस्सी. करायचं होतं. बाबा माझ्या बाजूचे, पण आत्या त्यांची थोरली बहीण, तिला सरळ नाही म्हणणं त्यांच्या नियमात कुठंच बसत नव्हतं. शेवटी आत्यानंच तोडगा काढला.

“पोरगी पास झाली तं शिकव बापा, मी काई म्हनत नाई. नापास झाली तं याच उन्हाळ्यात बार उडवून टाक.”

बाबा हो म्हणाले. पेपर मला चांगले गेले. उरलं प्रॅक्टिकल, आणि त्यात नापास म्हणजे सगळ्यातच नापास. त्या दिवशी सकाळी बाबांनी आपलं मनगटी घड्याळ काढून माझ्या हाताला बांधलं. त्याच घड्याळावर ते रोग्यांच्या नाड्या मोजायचे. पट्टा सैल होता म्हणून आईनं त्याला दोरा गुंडाळला.

चिठ्ठी उचलली तर नशिबी लंबक. वर्गातल्या मुलांनी सुस्कारे सोडले, इतका सोपा प्रयोग मला मिळाला म्हणून. पण आमच्या तुकडीनं तो केला तेव्हा मी हिवतापानं अंथरुणात होते. तो मी हातानं कधी केलाच नव्हता. उलटं कसं यायचं ते ऐकून माहीत होतं, पण म्हटलं, एकदा सरळ तर जाऊन पाहू. निव्वळ हौस.

उत्तर आलं एक हजार चाळीस.

पुन्हा केलं. पुन्हा तेवढंच. एक तर अमरावतीत पृथ्वी जास्त ओढत असली पाहिजे, आणि हे अगदीच अशक्य नव्हतं. नोकरीला नागपूरला गेलेली आमच्या आळीतली माणसं आठवड्याच्या आत परत आलेली मी पाहिली होती. नाहीतर चूक माझी. दोरा पुन्हा मोजला, ठीक. झोके पुन्हा मोजले, ठीक. राहिलं टेबलावरचं घड्याळ. कळ दाबली की चालू, पुन्हा दाबली की बंद, असलं ते पितळी, जाडजूड, विलायती घड्याळ. काचेच्या कपाटात राहायचं आणि परीक्षेलाच बाहेर यायचं. त्याच्यावर कुणी संशय घ्यावा असं त्याचं रूपच नव्हतं.

मी ते आणि बाबांचं घड्याळ एकदमच धरलं. बाबांच्या घड्याळाचा सेकंदकाटा फेरी संपवून पुढं गेला तरी हे विलायती साहेब मागून डुलत येत होते. मग बाबांच्या घड्याळावर झोके मोजले. उत्तर भिंतीजवळ आलं. मी दोन्ही उत्तरं लिहिली आणि खाली लिहिलं, प्रयोगशाळेचं घड्याळ मागे पडतं.

फिरत फिरत सर आले. कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. वाकून हळूच म्हणाले, “एक हजार चाळीस? ते खोडून टाका. खालचं तेवढं ठेवा.”

“सर, घड्याळ मागं पडतंय.”

“अहो, बाहेरचे परीक्षक आलेत. तुम्हाला पास व्हायचंय ना?”

ते माझ्या भल्यासाठीच सांगत होते. मी पेन उघडलं. मला फार भीती वाटली, खोटं कशाला सांगू. तो ग्रामसेवक आणि त्याची सायकल मला स्पष्ट दिसली. एक रेघ ओढायची, की झालं. पण संध्याकाळी बाबा विचारणार, काय पायलं? आणि काहीही सांगितलं तरी ते चाखून पाहणार. मी पेन बंद केलं. सर मान हलवून पुढं गेले.

बाहेरचे परीक्षक म्हातारे होते, आमच्याच मुलखातले. कागद त्यांनी डोळ्यांजवळ नेला.

“काहून वं पोरी, पृथ्वी तुलेच जास्त ओढून राहिली का?”

मी दोन्ही घड्याळं त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी आपलं घड्याळही काढून शेजारी मांडलं. तिघांची शर्यत लागली. दोन घड्याळं जोडीनं गेली, साहेब मागं राहिले. म्हातारा खुदकन हसला. मग सरांकडे वळला.

“हे घड्याळ कवापासून आहे तुमच्याकडे?”

“मी रुजू झालो तेव्हापासून हेच आहे,” सर म्हणाले.

“अन् इतक्या वर्षांत कोन्या पोराचं उत्तर चुकलं नाई?”

सरांनी रुमाल काढून चष्मा पुसला, तो स्वच्छ होता तरी. मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. मुलं खाली मान घालून उलटं येत राहिली.

निकाल लागला. मी पास झाले. प्रॅक्टिकलमध्ये मात्र वर्गात सगळ्यांत कमी गुण मला होते, कारण पहिलं उत्तर चूक होतं, आणि चूक ते चूक. बाबांनी गुण पाहिलेच नाहीत. काय पायलं ते त्यांनी मला तीनदा सांगायला लावलं, आणि घड्याळ परत मागितलं नाही. आत्या म्हणाली, “पास म्हंजे पास,” आणि ग्रामसेवकाला दुसरीकडे दाखवायला निघून गेली.

कॉलेज उघडल्यावर दाखला आणायला गेले तेव्हा सरांनी स्वतः मला प्रयोगशाळेत नेलं. फार खुशीत होते. “तुमचा शोध आम्ही वाया जाऊ दिला नाही,” म्हणाले आणि भिंतीकडे बोट केलं. तसबिरींच्या खाली, ९७८ च्या खाली, ताज्या निळ्या रंगात एक ओळ वाढली होती :

‘घड्याळ मागे पडते. तरी उत्तर वरीलप्रमाणेच यावे.’

“बरं वाटलं ना?” सरांनी विचारलं. मी हो म्हटलं. टेबलाशी नव्या वर्षाची एक मुलगी पहिल्यांदाच लंबकाला झोका देत होती. ते पितळी घड्याळ आता कपाटाबाहेर, तिच्या हाताशीच होतं. तिनं मान वर करून भिंतीवरची नवी ओळ वाचली आणि घड्याळ बाजूला सारून लिहायला सुरुवात केली.